काश्मीरची दिद्दा: बदनाम राणीची गोष्ट वाचायची कशी?

दहाव्या शतकातलं काश्मीरचं तांब्याचं एक नाणं आहे. एका बाजूला बसलेली देवी, दुसऱ्या बाजूला उभा राजा. दोन्ही आकृत्या इतक्या ओबडधोबड आहेत, की आधी कुणी सांगितलं नाही तर देवी कुठली आणि राजा कुठला हे कळणार नाही. पण अक्षरं लागतात. राजाचं नाव क्षेमगुप्त, आणि त्या नावाच्या आधी एकच अक्षर, ‘दि’.

हे ‘दि’ म्हणजे बिरुद नाही, देवाचं नावही नाही. ते राजाच्या बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. दिद्दा. नवऱ्याने आपल्या नाण्यावर बायकोचं आद्याक्षर घातलं, तेही स्वतःच्या नावाच्या आधी. लोकांनी त्याला ‘दिद्दाक्षेम’ हे टोपणनाव चिकटवलं. आपल्याकडे असं नाव पडतं तेव्हा त्यात कौतुक नसतं, ‘बायकोच्या मुठीतला’ हा टोमणा असतो. तिथेही तोच होता.

आनंदीबाईंचं सगळं आयुष्य आपण ‘ध चा मा’ एवढ्यात गुंडाळून टाकलंय. तो कागद कुणी पाहिलाय, असं विचारायची आपल्याला गरजही वाटत नाही. दिद्दाचं काश्मिरात तसंच झालं, फक्त आरोपांची यादी लांब आहे. चेटूक, व्यभिचार, प्रधानांचे खून, आणि पोटच्या मुलाच्या तीन मुलांची हत्या. अलीकडे दुसरं टोकही दिसायला लागलंय. गझनीच्या महमुदाला धूळ चारणारी वीरांगना म्हणून तिचे फॉरवर्ड फिरतात. दोन्ही बाजू ठासून बोलतात, आणि गंमत म्हणजे दोघांच्या हाताशी प्रामुख्याने एकच पुस्तक आहे. कल्हणाची ‘राजतरंगिणी’, म्हणजे काश्मीरच्या राजांचा संस्कृत काव्यातला इतिहास.

तेव्हा आधी कल्हणाचं बघू. तो काश्मिरी ब्राह्मण. बाप चंपक हा काश्मीरच्या हर्ष राजाचा मंत्री (कनौजचा हर्षवर्धन वेगळा). म्हणजे दरबारी गोष्टी घरात ऐकत वाढलेला माणूस. त्याने ग्रंथ लिहिला 1148 ते 1150 च्या सुमारास. दिद्दा वारली 1003 मध्ये. मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. आज कुणी कागदपत्रं, जुन्या बखरी आणि आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी यांवरून 1875 सालच्या एखाद्या संस्थानाच्या अंतःपुराबद्दल लिहावं, तितकं हे अंतर. कल्हण कामचुकार नव्हता. जुने ग्रंथ, दानपत्रं, देवळांवरचे लेख पाहून लिहितो, असं त्याने स्वतःच सांगितलंय. पण देवळावर लेख कोरलेला असतो, शेजघराच्या दारावर नसतो. पुढचं सगळं वाचताना मला हा फरक सोडवत नाही: कुठली गोष्ट चव्हाट्यावर घडली आणि कुठली बंद दाराआड.

दिद्दा लोहरची. लोहर म्हणजे आजच्या पूंछ जिल्ह्यातलं लोरन, पीरपंजालच्या दक्षिण उतारावरचं डोंगरी राज्य. बाप सिंहराज तिथला राजा. आईचे वडील भीम हे काबूल आणि उदभांड इथल्या शाही घराण्याचे राजे, त्या काळच्या वायव्येतलं मोठं नाव. त्यांनी काश्मिरात भीमकेशव नावाचं देऊळ बांधलं. मट्टणजवळ बुमझूला ती वास्तू अजून उभी आहे, आता ती एका पिराची जियारत आहे. सासर मात्र या मानाने कालपरवाचं. सासरा पर्वगुप्त कारकुनाच्या घराण्यातला. त्याने 949 मध्ये एका अल्पवयीन राजाला मारून गादी बळकावली आणि वर्षभरातच तो मेला. क्षेमगुप्त हा त्याचा मुलगा. दारू, जुगार आणि कोल्ह्यांची शिकार यांपलीकडे त्याचं कर्तृत्व सांगायचं तर श्रीनगरचा जयेंद्रविहार त्याने जाळला. आत एक डामर लपला होता, म्हणून. (डामर म्हणजे गावोगावचे बलाढ्य जमीनदार. गढ्या बांधून राहायचे आणि राजाला जुमानायचे नाहीत.) विहारातल्या बुद्धमूर्तीचं पितळही त्याने काढून नेलं. अशा माणसाने बायकोचं अक्षर नाण्यावर घातलं असेल तर ते प्रेमापोटी की लोहर आणि शाही या दोन घराण्यांच्या वजनापोटी, याचा विचार करावा. मला दुसरं कारण जास्त पटतं.

दिद्दा पायाने अधू होती. वल्गा नावाची एक ओझी वाहणारी बाई तिला उचलून घ्यायची. खेळातसुद्धा दिद्दा वल्गेच्या पाठीवर असायची. पुढे या वल्गेच्या नावाने एक मठ उभा राहिला, वल्गामठ. राजघराण्यातल्या बायकांच्या नावाने मठ बांधलेले पुष्कळ सापडतील. ओझी वाहणारीच्या नावाचा मला तरी दुसरा आठवत नाही.

958 साली क्षेमगुप्त मेला. कोल्ह्यांच्या शिकारीत भेदरला, ताप चढला, ‘लूता’ नावाचा फोडांचा रोग झाला, आणि बारामुल्याजवळ त्याने प्राण सोडला. मुलगा अभिमन्यू लहान. इथे कल्हण एक प्रसंग सांगतो. मला तो सगळ्या गोष्टीचा सांधा वाटतो.

इतर राण्या सती गेल्या. दिद्दानेही सती जायची इच्छा बोलून दाखवली. प्रधान फल्गुणाने लगेच होकार दिला. हा फल्गुण कोण? त्याची मुलगी चंद्रलेखा हीही क्षेमगुप्ताची राणी, म्हणजे दिद्दाची सवत, आणि दिद्दाच्या मनात या बापलेकीबद्दल अढी होतीच. होकार इतका झटकन आल्यावर त्याचा अर्थ कळायला ज्योतिषी लागत नाही. चितेसमोर उभं राहिल्यावर दिद्दाचा निश्चय डळमळला. नरवाहन नावाच्या मंत्र्याने कळवळून तिला परत परत विनवलं आणि मागे फिरवलं. चितेपासून ती परतली ती अल्पवयीन राजाची आई आणि राज्याची कारभारीण म्हणून.

त्या खुर्चीवर बसणं काय होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. पन्नासेक वर्षांपूर्वी सुगंधा नावाची विधवा राणी अशीच कारभार बघत होती. 904 ते 906 तिने स्वतःच्या नावाने राज्यही केलं. तंत्रिन नावाच्या पायदळाने तिला खाली खेचलं. 914 मध्ये तिने परत यायचा प्रयत्न केला, तेव्हा पकडून मारून टाकलं. तंत्रिन आणि एकांग ही शस्त्रधारी माणसांची दोन टोळकी राजे बसवत आणि उठवत होती, जो जास्त देईल त्याला. डामर वेगळे, मंत्री वेगळे, आणि पुरोहित मंडळी उपोषणाला बसून राजाला वेठीला धरायची ते वेगळंच. कल्हणाचाच हिशेब आहे: गोपालवर्म्यापासून अभिमन्यूपर्यंत साठ वर्षांत सोळा राजे. मान, धन आणि प्राण यांच्यावर डल्ला मारणारे मंत्री मात्र तेच. म्हणजे दिद्दाला चालतं राज्य मिळालं नव्हतं, निखाऱ्यावरचा तवा मिळाला होता.

पहिला फल्गुण गेला. रक्क नावाच्या माणसाने राणीचे कान भरले, फल्गुणाने धोका ओळखला आणि तो पूंछकडे निघून गेला. मग नवऱ्याचे दोन भाचे, महिमन आणि पाटल, बंड करून उठले. त्यांच्या मागे ललितादित्यपूरचे ब्राह्मण, यशोधर, हिम्मक, एरमंतक असे नामांकित लोक. दिद्दाने मुलाला गुपचूप एका मठात हलवलं आणि ब्राह्मणांपुढे सोनं ओतलं. बंडाची कंबरच मोडली. यशोधराला सेनापतिपद देऊन फोडलं. साम, दाम, दंड, भेद यांतला ‘दाम’ ती आधी वापरायची, हे पुढेही दिसतं.

‘दंड’ आला तो दुसऱ्या वेळी. यशोधर थक्कन नावाच्या शाही राजावर चालून गेला आणि खंडणी घेऊन त्यालाच पुन्हा गादीवर बसवून आला. शत्रूकडून पैसे खाल्ले, अशी कुजबुज राणीपर्यंत गेली. तिने त्याला हद्दपार करायचं ठरवताच जुने साथीदार उठले आणि राजवाड्याला वेढा पडला. नरवाहन तेवढा तिच्या बाजूला ठाम. लढाई दारापर्यंत आली, फिरली, बंडखोर हरले. मग मात्र तिने कुणाला सोडलं नाही. परिहासपूरचा एरमंतक हा मोठा माणूस. गयेला श्राद्धाला जाणाऱ्या काश्मिरी लोकांना जो कर द्यावा लागे, तो त्याने माफ करवून आणला होता. दिद्दाने त्याच्या गळ्यात धोंडा बांधून त्याला वितस्तेत बुडवलं. वितस्ता म्हणजे झेलम.

इथे कल्हण काय म्हणतो? दुर्गेने असुरांचा संहार करावा तसा हिने त्या मंत्र्यांचा केला. आणि आणखी एक. गाईच्या खुराएवढं डबकं ही ओलांडू शकेल असं कुणाला वाटलं नव्हतं, त्या लंगड्या बाईने मारुतीसारखा समुद्र पार केला. टीकाकाराच्या लेखणीतून आलेली ही वाक्यं आहेत. म्हणून मला ती तिच्या कुठल्याही प्रशस्तीपेक्षा मोलाची वाटतात.

ज्याने चितेवरून परत आणलं त्या नरवाहनाचं काय झालं? कानाला लागणाऱ्यांनी त्याच्याबद्दलही विष पेरलं, राणीची मर्जी फिरली, आणि अपमान सहन न होऊन त्याने जीव दिला. त्यानंतर तिने फल्गुणाला परत बोलावलं. कसलेल्या माणसाची गरज होती, जुना राग गिळला. राज्यकर्ती म्हणून हे शहाणपणाचं. नरवाहनाच्या बाबतीत मात्र मला तिची बाजू घेता येत नाही.

972 मध्ये अभिमन्यू क्षयाने गेला. त्याचा मुलगा नंदिगुप्त गादीवर आला. दिद्दाचं पुढचं वर्ष बांधकामांत गेलं. मुलाच्या नावाने अभिमन्युस्वामीचं देऊळ आणि अभिमन्युपूर, स्वतःच्या नावाने दिद्दास्वामी आणि दिद्दापूर, परदेशी आणि काश्मिरी दोघांसाठी एक विहार, मध्यदेश आणि लाट या प्रांतांतून येणाऱ्यांसाठी मठ. (मध्यदेश म्हणजे गंगा-यमुनेकाठचा मुलूख. लाट म्हणजे दक्षिण गुजरात, म्हणजे आपल्या शेजारचेच लोक.) एकूण चौसष्ट ठिकाणी तिने बांधकाम केलं, पडक्या देवळांना दगडी कोट घातले, असं कल्हण नोंदवतो. हे सगळं चव्हाट्यावरचं. श्रीनगरातल्या दिद्दमर मोहल्ल्याच्या नावात तिचा दिद्दामठ अजून आहे.

आणि मग बंद दाराआडचं. 973 मध्ये नंदिगुप्त मेला. 975 मध्ये त्याच्या मागून आलेला त्रिभुवनगुप्त. तिसरा नातू भीमगुप्त 980-81 मध्ये. पहिल्या दोघांना तिने चेटूक करून मारलं, असं कल्हण लिहितो. तिसऱ्याला राज्यातली दुरवस्था कळू लागली, सुधारणा कराव्यात असं तो म्हणू लागला, तेव्हा उघड पकडून हाल करून मारलं. मग ती स्वतः गादीवर बसली.

चेटकाने माणूस मरत नाही. म्हणून ‘चेटूक’ हा शब्द जुन्या ग्रंथात दिसला की मी त्याचं भाषांतर करतो: कशाने मेला हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, पण संशय कुणावर आहे ते माहीत आहे. ज्या घरात बाप क्षयाने गेला, त्या घरातली दोन लहान मुलं पाठोपाठ जाणं ही तर दुर्दैवाने नेहमीची गोष्ट होती. हा माझा तर्क, पुरावा नाही. विष दिलं असेल हेही तितकंच शक्य आहे. भीमगुप्ताचं मात्र वेगळं. तिथे कल्हण चेटकाचा आडपडदा घेत नाही. पकडलं, डांबलं, मारलं. अशी गोष्ट गावाला कळते. फल्गुण हयात होता तोवर राणी जरा धाकात होती, तो गेल्यावर तिला आवरणारं कुणी उरलं नाही, हा क्रमही जुळतो. दिद्दाने निदान एका नातवाचा खून केला, असं मी मानतो. दोघांबद्दल मला खात्री देता येत नाही. तिला संत करायला निघालेल्यांनी भीमगुप्ताचं काय करायचं ते आधी सांगावं.

व्यभिचाराच्या आरोपात मुख्य नाव तुंगाचं. तुंग हा खश जमातीचा, पूंछकडच्या एका खेड्यातला, म्हशी राखणारा. भावांसोबत काश्मिरात आला आणि पत्रं पोचवणारा निरोप्या झाला. राणीची नजर त्याच्यावर पडली, आणि काही वर्षांत तो सर्वाधिकारी झाला. आजच्या भाषेत पंतप्रधान.

दोघांमध्ये संबंध असतील का? असतीलही. विधवा बाईने पन्नाशीत कुणावर जीव लावला म्हणून राज्य बुडत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दरबाराच्या नाकाला झोंबलेलं दुसरंच कारण. खजिन्यावर सिंधू बसला होता, तो पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. वर सर्वाधिकारी गुराखी. पाठीवर घेणारीच्या नावाने मठ. पिढीजात मंत्रिघराण्यांनी काय बघत बसायचं? ही मंत्रिघराणीच तर तिने संपवली होती, आणि तिला अशी माणसं हवी होती ज्यांना तिच्यावाचून काश्मिरात कुणी नव्हतं. तुंग ज्या डोंगराळ भागातून आला तो तिच्या माहेरचा शेजार होता, हेही विसरू नये. कल्हण स्वतः मंत्र्याचा मुलगा. उच्च कुळातल्या बायकाही नद्यांसारख्या स्वभावतःच खाली वाहतात, असं तो लिहितो, तेव्हा ‘खाली’ या शब्दात चारित्र्य किती आणि जात किती, हे मोजून बघायला हवं.

मंत्र्यांनी तिच्या भावाचा मुलगा विग्रहराज याला आणलं. त्याने ब्राह्मणांना प्रायोपवेशनाला, म्हणजे आमरण उपोषणाला बसवलं, मागणी एकच: तुंग हटवा. दिद्दाने तुंगाला काही दिवस लपवलं आणि जुनं औषध काढलं, सोनं. उपोषण सुटलं. पुढे राजपुरीने, म्हणजे आजच्या राजौरीने, डोकं वर काढलं तेव्हा तुंगानेच जाऊन तिथल्या राजाला खंडणी द्यायला लावली. गुराख्याने कामगिरी करून दाखवली.

आता हीच मोजपट्टी पुरुषांना लावून पाहा. सासरा पर्वगुप्ताने ज्या राजाला मारलं तो पाय वाकडा असलेला पोर होता, संग्रामदेव. त्याचाही मृतदेह गळ्यात धोंडा बांधून वितस्तेतच टाकला. दिद्दाने एरमंतकाला बुडवायची रीत कुठून उचलली हे वेगळं सांगायला नको. उन्मत्तावंती नावाच्या राजाने 937 ते 939 या दोन वर्षांत सावत्र भावांना उपाशी मारलं, बापाला मारवलं आणि गरोदर बायकांची पोटं फाडली. कल्हण त्यालाही मनसोक्त शिव्या घालतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फरक एवढाच, की उन्मत्तावंती दुष्ट होता तो त्याच्या एकट्यापुरता. दिद्दाच्या दुष्टपणातून मात्र सगळ्या स्त्रीजातीबद्दल निष्कर्ष निघतो.

आणखी एक विसंगती. कल्हण लिहीत होता तेव्हा गादीवर जयसिंह होता, लोहर वंशातला, दिद्दाचा भाऊ कांतिराज याचा वंशज. ते घराणं काश्मिरात आलंच मुळी दिद्दामुळे. म्हणजे राजाच्या घराण्याचं भाग्य उघडणाऱ्या बाईला त्याने त्याच राजाच्या राज्यात चेटकी म्हटलं. यावरून कल्हण भाट नव्हता हे दिसतं. आणि तिची बदनामी एव्हाना इतकी रुळली होती, की ती लिहिल्याने कुणाला राग येणार नव्हता, हेही दिसतं.

म्हातारपणी तिने वारस निवडला. भावांची मुलं जमवली, फळांची रास मध्ये ठेवली आणि म्हणाली, बघू कोण जास्त घेतो. पोरं एकमेकांवर तुटून पडली, ओरबाडली गेली. उदयराजाचा मुलगा संग्रामराज याच्या हातात सगळ्यांत जास्त फळं आणि अंगावर ओरखडा नाही. कसं केलंस? म्हणाला, मी बाकीच्यांना आपसात लावून दिलं आणि बाजूला उभा राहून फळं उचलली. आत्याबाईंना आपली विद्या ओळखू आली असावी. तोच युवराज झाला. 1003 च्या भाद्रपदात दिद्दा वारली, आणि माहेरच्या घराण्याकडे काश्मीर गेलं ते निमूट, एकाही लढाईशिवाय. त्या साठ वर्षांतल्या सोळा राजांच्या पार्श्वभूमीवर ही साधी गोष्ट नव्हे.

राहिले महमुदाचे फॉरवर्ड. 1001 मध्ये पेशावरजवळ महमुदाने हरवला तो जयपाल, दिद्दाच्या आजोळच्या राज्याचा राजा. तेव्हा ती हयात होती, पण ती लढाई तिची नव्हती. महमूद काश्मीरच्या वाटेवर लोहरकोटापर्यंत, म्हणजे लोहरच्या किल्ल्यापर्यंत आला तो 1015 मध्ये आणि पुन्हा 1021 मध्ये. दोन्ही वेळा किल्ला आणि बर्फ यांनी त्याला परत पाठवलं. दिद्दाला जाऊन तेव्हा बारा आणि अठरा वर्षं झाली होती. गादीवर फळंवाला पुतण्या होता. त्याला निवडल्याचं श्रेय तिला द्यायचं तर द्यावं. पण मग तुंगालाही तिच्याच खात्यावर मांडावं लागेल. 1013 च्या सुमारास शाही राजा त्रिलोचनपालाच्या मदतीला काश्मीरचं सैन्य घेऊन तोच गेला होता. तुर्कांची लढाई तुला ठाऊक नाही, जरा डोंगराच्या आडोशाला थांब, असं त्रिलोचनपालाने त्याला बजावलं होतं. तुंग थांबला नाही. नदी ओलांडून पुढे गेला, एक छोटी चकमक जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी महमुदाने त्याची फौज उधळून लावली.